एल्फिन्स्टन हायस्कूलचं जन्मसाल कोणतं धरायचं? १८२२, १८२४, १८३५ की १८५६?

धोबीतलाव

मंडळी, मुंबईच्या महापालिका मार्गावरच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचा विषय निघाला की १८५६ हे साल हमखास पुढे येतं. हे साल शाळेचं नाहीच, असं माझं ठाम मत आहे. १ एप्रिल १८५६ ला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनची वाटणी झाली आणि कॉलेज व हायस्कूल अशा दोन वेगळ्या संस्था झाल्या. कॉलेजने ते साल आपलं मानलं तर ठीकच आहे. पण शाळा त्याआधी तीस वर्षं भरतच होती. धाकट्याने वेगळं बिऱ्हाड केलं म्हणून थोरल्याचा जन्म त्या दिवशी झाला, असं आपण म्हणत नाही.

शर्यतीतली सालं अशी. १८२२ मध्ये बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी, म्हणजे आपली हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी, स्वतंत्र झाली. १८२४ मध्ये तिने एतद्देशीय मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून गेले आणि त्यांच्या नावाने प्राध्यापक नेमायचा ठराव झाला. १८३५ कॉलेजच्या स्थापनेचं. १८४० ला शाळा आणि प्राध्यापकांचे वर्ग एकत्र झाले, १८४५ ला नाव आटोपशीर झालं आणि १८५६ ला फारकत.

शाळेच्या इतिहासावर लेख लिहितोय, त्यासाठी एक साल ठरवायचंय. माझं मत १८२४ ला. तुमचं?

जुनी_वही

१८२४ लाच अनुमोदन, पण मधली साखळी नीट मांडायला हवी. बहुतेक लेखांत १८२७ च्या ठरावावरून एकदम १८५६ वर उडी असते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१८२७ च्या ठरावानंतर जो निधी गोळा झाला तो सव्वादोन लाख रुपयांच्या वर गेला. हा पैसा शाळेच्या इमारतीसाठी नव्हता. युरोपातली शास्त्रं, कला आणि इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पगारासाठी होता. म्हणूनच त्यांना एल्फिन्स्टन प्रोफेसर म्हणत. पहिले दोघे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस. त्यांचे वर्ग टाउन हॉलमध्ये भरत. सोसायटीची इंग्रजी शाळा वेगळी चालली होती. म्हणजे १८३५ नंतरची काही वर्षं प्राध्यापक एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, अशी स्थिती होती. वरच्या वर्गाला मुलं पुरवणार शाळा, आणि शाळेवर ताबा सोसायटीचा. ही ओढाताण मिटवायला १८४० मध्ये दोन्ही एकत्र करून एल्फिन्स्टन नेटिव्ह एज्युकेशन इन्स्टिट्यूशन केली. त्याच वर्षी बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं आणि कारभार त्याच्याकडे गेला.

तेव्हा १८३५ हे साल शाळेच्या खात्यात मांडणं साफ चूक. ते प्राध्यापकांच्या वर्गांचं साल आहे.

तिसरी_घंटा

+१. फक्त एक भर. बाळशास्त्री जांभेकर १८३४ साली असिस्टंट प्रोफेसर झाले. कॉलेजचं साल १८३५ मानलं तर हे एक वर्ष आधीचं कसं, असं बरेच जण विचारतात. उत्तर जुनी_वही यांच्या प्रतिसादातच आहे. नेमणुका आधी, मंजुरी नंतर आणि वर्ग त्याहून नंतर. त्या काळात विलायतेहून माणूस यायलाच महिने लागत. 'स्थापना' शब्द दिसला की ठरावाची तारीख, नेमणुकीची तारीख आणि प्रत्यक्ष वर्ग भरल्याची तारीख या तिन्ही वेगळ्या लिहून काढाव्यात.

चौकस

मला १८५६ इतकं टाकाऊ वाटत नाही.

आज ज्याला आपण हायस्कूल म्हणतो ती गोष्टच १८५४ च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे कंपनीच्या शिक्षणधोरणाच्या पत्रातून आली. १८५५ ला डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शनचं पद निर्माण झालं, १८५७ ला मुंबई विद्यापीठ, १८५९ ला पहिली मॅट्रिक. त्याआधीच्या शाळेला शेवटची अशी परीक्षाच नव्हती. मुलगा इन्स्टिट्यूशनच्या खालच्या वर्गांतून वरच्या वर्गांत जात राही, आणि शाळा कुठे संपली व कॉलेज कुठे सुरू झालं हे नेमकं सांगता येत नसे. मॅट्रिक आली आणि शाळेला तळ आणि माथा दोन्ही मिळाले. त्या अर्थाने हायस्कूल म्हणून तिचं आयुष्य १८५६ पासूनच मोजावं लागेल.

१८२४ ची शाळा आणि १८५६ चं हायस्कूल यांत मुलं तीच, इमारत तीच, पण कामच बदललं होतं. याचा विचार व्हावा.

धोबीतलाव

@चौकस, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण मग प्रत्येक परीक्षाबदलाला शाळेचा नवा जन्म मानावा लागेल. विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन एसएससी आली, १९७५ ला अकरावीऐवजी दहावीची एसएससी सुरू झाली. शाळा त्याच राहिल्या की.

पंचगंगा

विषयाला धरून एक. महादेव गोविंद रानडे कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेत शिकून १८५६ साली मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीहून १८५३ ला आले. म्हणजे फारकतीच्या आधी एक आणि ऐन फारकतीच्या वर्षी दुसरा. दोघेही १८६२ च्या पहिल्या चार बी.ए.मध्ये. उरलेले दोन बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले मोडक पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलचे पहिले भारतीय मुख्याध्यापक झाले. शाळेचा इतिहास लिहिताना रानडे-भांडारकरांवर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि ज्याने प्रत्यक्ष शाळा चालवली त्या मोडकांना एक ओळ मिळते. हे मला खटकतं.

खडूफळा

धागा वाचनखुणेत साठवला. मोडकांबद्दल पूर्ण सहमत.

मोडीवाला

ज्यांना मूळ कागद बघायचे आहेत त्यांच्यासाठी कालगणनेच्या तीन अडचणी.

पहिली, शक. शकात सरसकट ७८ मिळवू नका. इसवी वर्ष पौषाच्या आसपास बदलतं आणि शक मात्र चैत्रापर्यंत जुनाच चालतो, त्यामुळे जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवावे लागतात. ठसठशीत उदाहरण जांभेकरांच्या 'दर्पण'चं. ६ जानेवारी १८३२ ला शके १७५३ चालू होता. ७८ मिळवले तर १८३१ येतं आणि सगळं एक वर्ष मागे जातं.

दुसरी, सुहूर सन. मोडी कागदांत तो अंकांत नाही, अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

तिसरी अडचण इंग्रजी कागदांतच आहे आणि तीच जास्त फसवते. सरकारचं हिशेबी वर्ष १८६६ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल होतं. १ एप्रिलची सुरुवात १८६७ पासूनची. त्यामुळे १ एप्रिल १८५६ ची फारकत आधी १८५५-५६ च्या अहवालात शोधा. आजच्या सवयीने १८५६-५७ चा खंड मागवला तर नंतरची व्यवस्था दिसेल, प्रत्यक्ष बदल सापडणार नाही.

जुनी_वही

वा, हे एप्रिल-मेचं प्रकरण महत्त्वाचं. यालाच जोडून कुठे काय शोधायचं ते सांगतो.

सोसायटीच्या काळासाठी तिचे छापील अहवाल. १८४० ते १८५५ साठी बोर्ड ऑफ एज्युकेशनचे छापील अहवाल. यांत वर्गवार मुलांची संख्या, शिष्यवृत्त्या, परीक्षेचे प्रश्न असा भरगच्च मजकूर असतो. १८५५ नंतर डायरेक्टरचे वार्षिक अहवाल, आणि पास झालेल्यांच्या याद्यांसाठी विद्यापीठाची कॅलेंडरं. हस्तलिखित पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, जे काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच आहे. तिथे मागणी करताना खातं, वर्ष आणि खंड क्रमांक लागतो, नुसतं "एल्फिन्स्टन शाळेची कागदपत्रं" म्हणून काही मिळत नाही. सुरुवातीच्या काळासाठी शिक्षण खातं असं वेगळं शोधत बसू नका, जनरल डिपार्टमेंटचे खंड चाळा.

यादीत 'क्लेअर स्कॉलर' किंवा 'वेस्ट स्कॉलर' असं नावापुढे दिसलं तर तो शिष्यवृत्ती मिळवणारा विद्यार्थी असतो, शिक्षक नव्हे. दादाभाई नौरोजी क्लेअर स्कॉलर होते. पुढे त्याच संस्थेत ते गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले, म्हणून त्यांच्या बाबतीत दोन्ही नोंदी सापडतात. वर्ष बघूनच भेद करावा.

अबोली

नावांबद्दल पण लिहा कुणीतरी. जुन्या याद्यांत आडनावच नसतं, मग माणूस ओळखायचा कसा?

जुनी_वही

@अबोली, आडनावावरून शोधूच नका. स्वतःचं आणि वडिलांचं नाव हीच तेव्हाची ओळख. रानडे 'महादेव गोविंद' म्हणून, भांडारकर 'रामकृष्ण गोपाळ' म्हणून सापडतील. इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून, त्यामुळे जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. शोधायची नावं आधी मराठीत लिहावीत आणि प्रत्येकाखाली शक्य ती सगळी इंग्रजी रूपं लिहून ठेवावीत.

सगळ्यात मोठा घोटाळा 'बाळ गंगाधर शास्त्री' या नावाचा. ते जांभेकर. १८३०-४० च्या कागदात बाळ गंगाधर दिसले की काहींना टिळक आठवतात. टिळकांचा जन्मच १८५६ चा.

सोनचाफा

बाळ गंगाधर दोन आणि १८५६ हे साल मात्र सगळीकडे एकच :)

भीमथडी

सालाचा वाद चालू द्या, पण 'सार्वजनिक' या शब्दाकडेही बघा. सरकारी शाळा सर्वांना खुली, हे कागदावर कधी आलं आणि वर्गात कधी, ही दोन वेगळी सालं आहेत.

फारकतीच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत आणि तिथून विलायतेला गेलं. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचं सांगितलं. तत्त्व ठरलं.

आता चाळीसेक वर्षं पुढे या. सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर इंग्रजी पहिलीत दाखल झाले. बसायला वेगळी जागा, घरून आणलेलं गोणपाट. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळला आलं आणि ते एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. तिथे शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर मुलं फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे हलवायला धावली. संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ ला ते मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

शाळेच्या इतिहासात आंबेडकरांचं नाव माजी विद्यार्थ्यांच्या यादीत अभिमानाने येतं, आणि यायलाच हवं. पण त्याच पानावर डब्यांची गोष्टही हवी. तिच्याशिवाय तो इतिहास अर्धवट आहे.

धोबीतलाव

@भीमथडी, प्रतिसाद फार मोलाचा. हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं.

अजिंक्यतारा

सातारच्या नोंदीबद्दल थोडं. तिथल्या रजिस्टरात आंबेडकरांच्या नावासमोर १९१४ हा आकडा आहे. हा रजिस्टर नंबर आहे, साल नव्हे. तो साल समजून "१९१४ मध्ये साताऱ्यात शिकत होते" असं लिहिणं म्हणजे मॅट्रिक होऊन सात वर्षं झालेल्या माणसाला परत पहिलीत बसवणं. शाळेचं आताचं नाव प्रतापसिंह हायस्कूल, जागा राजवाड्याची. २०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो याच नोंदीमुळे.

जनरल रजिस्टर वाचताना तीन रकाने एकत्र बघायचे : दाखल तारीख, दाखल इयत्ता आणि आधीची शाळा. एकटा नंबर काही सांगत नाही. मुलगा सोडून गेला आणि परत आला तर बऱ्याचदा नवा नंबर पडतो, त्यामुळे एकच मुलगा दोनदा मोजला जातो. शेऱ्याच्या रकान्यात नंतरच्या शाईत केलेल्या दुरुस्त्या असतात, त्या मूळ नोंदीपासून वेगळ्या उतरवून घ्याव्यात. इयत्तांचंही भान हवं. इंग्रजी पहिली म्हणजे मराठी चौथीनंतरचं वर्ष, आणि सातवी इंग्रजी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. "सातवीत शाळा सोडली" असं वाचून मुलगा लवकर गळाला असं समजू नका, तो मॅट्रिकच्या उंबऱ्यावर असू शकतो.

कागदकाच

रजिस्टरांचा विषय निघालाच आहे तर, कुठल्याही जुन्या शाळेत हे काम करणाऱ्यांसाठी.

सेलोटेप आणि प्लास्टिक लॅमिनेशन, दोन्हींना हात लावू नका. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि अक्षर घेऊन निघतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही जाणकाराकडून. जुनी काळी शाई लोहयुक्त असते. ती कागदाला आतून खाते, म्हणून जिथे दाट लिहिलंय तिथेच पान जाळीदार होतं. अशा पानावर ओलं काहीही लावलं तर शाई पसरते.

फोटो काढताना वही सपाट दाबू नये, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेले पंचे देऊन साधारण १०० ते १२० अंशांत उघडी ठेवावी. उजेड दोन बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. आधी मुखपृष्ठ, मग प्रत्येक पान क्रमाने, कोरी पानंसुद्धा. कोरं पान वगळलं की पुढे पान गहाळ होतं की कोरं होतं याचा पत्ता लागत नाही. फाइलच्या नावात रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक असावा. मूळ फाइल तशीच राखून तिच्या प्रतीवर काम करावं, आणि एक प्रत शाळेबाहेर ठेवावी.

कसर आणि वाळवी लागलेली वही इतर वह्यांपासून आधी बाजूला काढा. भिंतीला टेकलेलं कपाट हातभर पुढे ओढलं तरी निम्मा त्रास कमी होतो, कारण पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते.

खडूफळा

हा प्रतिसाद प्रत्येक शाळेच्या ऑफिसात छापून लावायला हवा.

अबोली

थोडं अवांतर. या मुलांच्या शाळेने मुलींच्या शाळांना जन्म दिला, हे कुणी कसं लिहिलं नाही? १८४८ मध्ये इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या पाठबळावर स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्याच शाखा. आणि १८४९ पासून याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. सुरुवातीला शिकवणारे हे तरुणच, दादाभाई त्यांत पुढे. जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. स्वतःच्या वर्गात एकही मुलगी नसलेल्या विद्यार्थ्यांनी हे केलं. शाळेच्या कामगिरीत मी हे मॅट्रिकच्या निकालांच्या वर ठेवीन.

तिसरी_घंटा

हे अवांतर अजिबात नाही.

गॉथिक

इमारतीवरून होणारी गफलतही नोंदवतो. काळा घोड्याची इमारत कॉलेजची. कॉलेज तिथे १८८८ ला आलं, त्याआधी भायखळ्याला होतं. हायस्कूलची गॉथिक वास्तू आझाद मैदानासमोर, सेंट झेवियर्स आणि कामा हॉस्पिटलच्या ओळीत. तिच्या बांधकामाला सर अल्बर्ट ससून यांची मोठी देणगी होती आणि काम मंचरजी मर्झबान यांच्या देखरेखीखाली झालं. १८७० च्या दशकातलं हे बांधकाम. जुने पत्ते शोधताना क्रूकशँक रोड म्हणजे महापालिका मार्ग, आणि टाउन हॉलजवळचं एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल. सर्कलचा आणि शाळेचा संबंध जोडू नये, सर्कलचं नाव नंतरचे गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्यावरून आलंय, माउंटस्टुअर्ट यांच्यावरून नव्हे.

पर्वती

पुण्यातही हेच कोडं आहे. विश्रामबागवाड्यात १८२१ ला हिंदू कॉलेज म्हणजे संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ ला तिथली इंग्रजी शाळा आणि ती एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. १८६४ ला त्याचं डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ ला ते येरवड्याला गेलं. सरकारी हायस्कूल विश्रामबागवाड्यात राहिलं. टिळक १८७२ ला मॅट्रिक झाले ते याच शाळेतून. १८७९ च्या मेमध्ये वाड्याला आग लावली गेली. १८२१ हे साल डेक्कन कॉलेज अभिमानाने सांगतं, मग त्याच वाड्यात उरलेल्या शाळेने ते का सांगू नये? मुंबईत कॉलेजने उशिराचं साल घेतलं आणि पुण्यात आधीचं. दोन शहरांत दोन रिवाज.

चौकस

@पर्वती, हे उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याला बळ देतं. साल ठरवते ती संस्था, पुरावा नव्हे.

जुनी_वही

संस्था ठरवते हे खरं, पण आपण इतिहास लिहितोय, तेव्हा कसोटी उघड सांगायला हवी. माझी कसोटी एकच : त्या सालापासून आजपर्यंत मुलं त्याच शाळेत सलग शिकत होती का? १८२२ ला सोसायटी होती, ही शाळा नव्हती. १८२७ ला निधी, १८३५ ला कॉलेज. सलग वर्ग भरण्याची साखळी मागे नेत गेलं की ती १८२४ च्या इंग्रजी शाळेवर थांबते. १८४०, १८४५ आणि १८५६ ही नाव आणि कारभार बदलल्याची सालं.

धोबीतलाव

मग लेखात असं घालतो : "१८२४ साली सोसायटीने काढलेली इंग्रजी शाळा. १८४० पासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचा भाग. १ एप्रिल १८५६ पासून कॉलेजपासून वेगळं हायस्कूल." चालेल?

चौकस

चालेल. १८५६ वाक्यात राहिलं, माझी हरकत नाही. 'सोसायटीने' ऐवजी हैंदशाळा शाळापुस्तक मंडळीचं पूर्ण नाव घाला, नाहीतर वाचणाऱ्याला ती विद्यार्थ्यांची १८४८ ची सोसायटी वाटेल.

भीमथडी

आणि १९०७ च्या ओळीत फळा आणि डबे राहू द्या.

धोबीतलाव

दोन्ही घातलं. मोडकांना स्वतंत्र परिच्छेद देतोय. त्यांच्या मुख्याध्यापकीच्या काळासाठी डायरेक्टरचे अहवाल वर्षवार लावायला घेतले आहेत, कुणाला हात लावायचा असेल तर कोणतं वर्ष घेताय ते इथे लिहा म्हणजे दोघांकडून एकच खंड उतरवला जाणार नाही.

मोडीवाला

१८८४-८५ मी घेतो.